काठी डोंग्यात होती

भादव्यातली सकाळ होती आणि आभाळ भिजल्या घोंगडीसारखं नदीवर पडलं होतं. पाऊस नव्हता, उघाडही नव्हती. नुसता अंगाला चिकटणारा उकाडा. रात्री वरच्या अंगाला कुठेतरी जोराचा कोसळून गेला असावा. वर्धा पहाटेपासून चढत होती. काळ्या मातीचं दाट पाणी, त्यात फेसाचे गोळे, कपाशीच्या कुजक्या पऱ्हाट्या, मुळासकट उपटलेली एखादी बाभूळ. जयवंता गुडघाभर पाण्यात उभी राहून डोंगा उपसत होती. तेलाचा कापलेला डबा तळाशी खरवडल्याचा आवाज करी, भरून वर येई आणि नदीचं पाणी नदीत जाई. तळाच्या दोन फटींतून पुन्हा झिरपत होतं. तिनं अंगठा दाबून पाहिला. डांबर पाहिजे होतं. डांबर म्हणजे भावासमोर, प्रेमदासासमोर हात पसरणं आलं. त्यापेक्षा तिनं लुगड्याची चिंधी फाडली, ताग गुंडाळून फटीत कोंबली आणि वरून दगडानं ठोकली.

रोहण्यावरून पांदणीच्या वाटेनं नदीकडे उतरलं की चिंचघाट. पलीकडच्या काठाला अमरावती जिल्हा लागतो. अलीकडच्यांची काही वावरं पलीकडे, पलीकडच्यांच्या लेकी अलीकडे दिलेल्या, त्यामुळे जाणं-येणं बाराही महिने. उन्हाळ्यात लोक धोतर खोचून पायी उतरतात. पावसाळ्यात डोंग्याशिवाय इलाज नाही.

जयवंता ह्या घाटाच्या तानबा भोयाची लेक. दिली होती लांब, समुद्रपुराकडे. नवऱ्यानं दुसरी केली आणि हिला एस.टी.त बसवून दिलं, सोबत तिचीच लोखंडी पेटी. ती आली तेव्हा तानबाचा दमा वाढला होता. दोन वल्ही मारली की म्हातारा छाती धरून बसे. मग वल्हं लेकीच्या हातात गेलं आणि तानबा समोर काठी मांडीवर आडवी घेऊन खोकत बसू लागला. लहानपणी शिकवलं होतंच, आता उरलेलं शिकवलं.

"धारेशी भांडाचं नाई पोरी," तो म्हणे. "धारेले सांगाचं, मले तिकडं जाचं हाय, नेऊन देजो. पयले काठाकाठानं डोंगा वर ओढून न्या, मंग सोडा. ते आपसूक नेते."

तर ही काठी. आमच्या घाटावर डोंगा चालवता येणं वेगळं आणि काठी मिळणं वेगळं. काठी म्हणजे पुरुषभर उंचीचा, तेल पाजलेला बांबू. ज्याला काठी मिळाली त्यालाच डोंगा मोकळा मिळे. मोकळा म्हणजे सोबत नावाडी न घेता, स्वतःच्या जबाबदारीवर. मग त्यानं त्यात कापूस न्यावा, कडबा न्यावा, माणसं न्यावी. घाटाचं भाडं घाटाला आणि वरची कमाई त्याची. घाटावर डोंगे दोन, दोन्ही अण्णाजींचे. अण्णाजी रोहण्याचे कापसाचे व्यापारी, घाटाचा लिलाव दरसाल त्यांच्याच नावावर सुटे. त्यांना पोहता येत नव्हतं की वल्हं धरता येत नव्हतं. पण काठीशिवाय ते सख्ख्या जावयालाही मोकळा डोंगा देत नसत.

काठीसाठी तीन फेऱ्या. पहिली रिकामी: पुराच्या पाण्यात एकट्यानं पलीकडे जायचं आणि ज्या दगडावरून डोंगा सोडला त्याच दगडाला आणून लावायचा. दुसरी तुंब्याची. पोहणारे पोटाखाली घेतात तो वाळका भोपळा धारेत सोडून देत. तो बुडता माणूस समजून उचलून आणायचा. आणि तिसरी माणसांची. तीन वेगळ्या घरची तीन माणसं आपणहून डोंग्यात बसली पाहिजेत. ती पलीकडे जाऊन आली आणि काठावर उभी राहून म्हणाली, 'आम्ही ह्याच्या डोंग्यात बसलो,' की झालं. हळद-कुंकू लावून काठी हातात.

हा नियम वाईट नव्हता. फार मागे एक वऱ्हाड हौसेनं मोकळा डोंगा घेऊन गेलं होतं आणि नवरदेवाचं बाशिंग तेवढं खालच्या गावाला सापडलं होतं. ज्याच्या भरवशावर तीन माणसं जीव टाकत नाहीत त्याला डोंगा देऊ नये, एवढं शहाणपण त्यातून गावानं घेतलं. चूक नियमात नव्हती. चूक बसणाऱ्यांत होती.

तानबा गेला त्याच्या पुढच्या श्रावणात जयवंतानं काठी मागितली. घाटावर जो तो सांगतो की पहिली फेरी तिनं सुतासारखी सरळ मारली. तुंबा तर असा उचलला की पोरांनी शिट्ट्या मारल्या. मग ती डोंगा दगडाला लावून, ओल्या लुगड्यानं, पाण्यातच उभी राहिली.

"बसा आता."

काठावर निम्मं गाव होतं. कोणी हललं नाही.

"डोंगा तू झकास लावला वं जयवंते," नत्थूजी म्हणाले. पागोटं बांधणारे जुने शेतकरी; त्यांचं अर्धं वावर पलीकडे. "तुहा बापबी असाच लावत होता."

"मंग बसा ना, नत्थूजीबुवा."

"मले आज तिकडं कामच नाई ना."

हशा झाला. तिनं रुख्माबाईकडे पाहिलं. रुख्माबाईचं माहेर पलीकडचं. तानबाच्या शेवटच्या दोन पावसाळ्यांत वल्हं जयवंताच मारत होती आणि रुख्माबाई कितीदा तरी गेली-आली होती.

"मी बसली असती माय," रुख्माबाई पदर तोंडाशी नेत म्हणाली, "पन तवा तानबाजी राहे ना डोंग्यात. आता बाईच्या हाती जीव दिला म्हनून बुडल्यावर मले रडाले बी कोनी येनार नाई."

आणि किसनराव, ज्यांच्या जिभेला गावात औषध नव्हतं, मागून म्हणाले, "नवऱ्याचं घर सांभायता नाई आलं, अन आमची खेप सांभायते म्हनते!"

ह्या बोलण्यावर मात्र कोणी हसलं नाही. पण कोणी 'असं काऊन बोलता' असंही म्हटलं नाही. माणसं एकेक करत पांगली. ती पाण्यात उभीच. शेवटी आई, देवकाबाई, घाट उतरून आली.

"चाल घरी. भाकर थंडी होऊन राह्यली."

त्याच महिन्यात प्रेमदासानं काठी मागितली. प्रेमदास तिचा धाकटा भाऊ. त्याला लहानपणी डोहात कोणी ढकललं होतं, तेव्हापासून पाणी कमरेच्या वर आलं की त्याचे ओठ निळे पडत. त्याची पहिली फेरी वाकडी-तिकडी होऊन कशीबशी दगडाच्या खाली लागली. तुंबा त्याच्यासाठी इतका काठानं सोडला की चालत जाऊनही उचलता आला असता. आणि तिसऱ्या फेरीला बसायला माणसांची चढाओढ. त्याचा एक दोस्त बसला, किसनराव बसले आणि ज्यांना तिकडे काम नव्हतं ते नत्थूजीही बसले. काठावर येऊन तिघं म्हणाले, "आमी प्रेमदासच्या डोंग्यात बसलो." प्रेमदासाला काठी मिळाली, नारळ फुटला, जयवंताच्या हातावरही खोबऱ्याचा तुकडा पडला.

त्या रात्री चुलीपुढे ती आईला म्हणाली, "त्याले पोहताबी येत नाई वं माय."

"काठी घरातच राह्यली ना पोरी. घरात त राह्यली."

"घर कोनाचं?"

देवकाबाई फुंकणीनं चूल फुंकू लागली. चूल चांगली पेटलेली होती.

मग जे चाललं ते घाटाला इतकं अंगवळणी पडलं की त्यात काही वावगं आहे असं कोणाच्या डोळ्यांना दिसेना. प्रेमदास डोंग्याच्या तोंडाशी, पाण्याकडे पाठ करून, काठी मांडीवर आडवी घेऊन बसे आणि विडी ओढी. मागं लांब वल्ह्यावर जयवंता. माणसं चढताना त्याला रामराम घालत आणि उतरताना पैसे त्याच्या हातात देत. पहिल्या वर्षी तो निदान लाजे. दुसऱ्या वर्षापासून "जरा आवर ना वं बाई, लोकं खोळंबले" असं म्हणू लागला. तिसऱ्या वर्षापासून प्यायला लागला.

जयवंता बोलत नसे. पण तिनं आशा सोडली नव्हती, हे तिच्या मैत्रिणी सांगतात. दर पावसाळ्यात ती म्हणे, "तीन मानसं त पाह्यजे. ह्या वर्षी बसतीन." काठी मिळाली असती तर दुसरा डोंगा तिनं मोकळा घेतला असता. वेगळी खोली केली असती. भाकरी आधी कोणाला वाढायची हे कोणी सांगितलं नसतं. एवढंच तिचं मागणं.

तर ती भादव्यातली सकाळ. साल एक्याऐंशी. घरोघरी महालक्ष्म्या बसलेल्या आणि त्या दिवशी जेवण. नत्थूजींच्या महालक्ष्म्या थोरल्या भावाकडे, पलीकडे. सगळ्या भाऊबंदांनी तिथंच जेवायचं, कोणी चुकलं तर वर्षभर बोलणी. किसनरावांना बहिणीकडचं आवतण. रुख्माबाईला माहेरी पुरणाला हात लावायचा होता. तिघं नवी कापडं सांभाळत घाट उतरले आणि पाहतात तर डोंगा उपसून तयार, जयवंता तयार, प्रेमदास नाही.

"कुठी हाय तो?" किसनरावांनी विचारलं.

"घरी. रातची उतरली नाई अजून."

"उठव ना मंग."

"पानी टाकून पाह्यलं. माय ओरडून थकली. तुमी बसा, मी नेतो."

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. नदी पुढ्यात गुरगुरत होती.

"तसं कसं बसाचं?" नत्थूजी म्हणाले. "नियम हाय ना."

"दररोज कोन नेते तुमाले?"

"नेतं तू. मी कुठी नाई म्हनतो? पन तो राह्यते ना."

वेळ जात होता. पलीकडे पानं मांडली जाणार होती. शेवटी किसनरावांनी तोडगा काढला. दोघं जण वर गेले आणि प्रेमदासाला खाटेसकट उचलून घेऊन आले. खाट घाटावर ठेवली, त्याला हातपाय धरून डोंग्यात घातला, पुढच्या बाजूला उताणा. देवकाबाईनं मागून काठी आणून दिली. ती नत्थूजींनी त्याच्या छातीवर नीट आडवी ठेवली.

"मयतासारखा दिसून राह्यला," रुख्माबाई म्हणाली.

"सणाचं काही बोलू नोको वं," नत्थूजी तिला रागावले, आणि मग त्या निपचित पडलेल्या माणसाला रामराम घालून डोंग्यात चढले.

जयवंतानं दोर खांद्याला लावला. दोघा पुरुषांना खाली उतरवून ओढायला घेतलं, काठाकाठानं डोंगा पार वरच्या उंबरापर्यंत नेला आणि धारेत सोडला. किसनरावांच्या हातात बाजूचं वल्हं दिलं. मधोमध आल्यावर वरून एक आडवं खोड येताना दिसलं. तिनं डोंग्याचं तोंड फिरवलं, खोड चाटून गेलं, पण पाण्याचा एक हबका आत आला तो प्रेमदासाच्या तोंडावर. त्यानं डोळे उघडले. वर आभाळ, भोवती पाणी. बोंब मारत तो उभा राहिला.

"बस खाली! प्रेमदास, बस!"

डोंगा एका अंगाला कलला, काठी आत पडली आणि प्रेमदास दुसऱ्या अंगानं पाण्यात गेला.

रुख्माबाईनं जयवंताचा पाय दोन्ही हातांनी कवटाळला. "जयवंते, वाचव वं माय, वाचव!" किसनराव वल्हं सोडून देवाचं नाव घेऊ लागले. जयवंता प्रेमदासामागे धावली नाही. तुंब्याच्या मागे लागायचं नसतं. त्याच्या खालच्या अंगाला जाऊन थांबायचं, धार तो आणून देते. तिनं डोंगा धारेबरोबर खाली जाऊ दिला, आडवा केला आणि भाऊ वाहत आला तसा त्याचे केस धरले. नत्थूजींनी कमरेचा करदोटा धरला. माशासारखा तो आत पडला आणि ओकला.

डोंगा उतारापासून बराच खाली लागला. तिनं तो पुन्हा दोरानं ओढत जागेवर आणला. तिघं उतरले. नत्थूजींनी जाता जाता तिच्या डोक्यावर हात ठेवला. "तानबाची लेक खरी," म्हणाले. मग जेवायला गेले.

दुपारभर ती पलीकडच्या काठावर बसली. प्रेमदास दात वाजवत झाडाखाली पडला होता. शुद्धीवर आला तसा म्हणाला, "मी काही त्या डोंग्यात पाय ठेवत नाई. धामनगाव-पुलगावावरून येतो, एस.टी.नं."

"नाले भरले हायेत, दोन दिवस लागतीन."

"लागो."

"काठी?"

"तुह्याजवळ राहू दे. कुठी नेऊ तिले बसमधी?"

तो निघून गेला. जयवंता डोंग्यात बसून राहिली. तिच्या मनात काय आलं हे सांगायला नको. तीन घरची तीन माणसं परत यायची होती आणि प्रेमदास नव्हता.

दिवस कलताना तिघं आले. पोटं भरलेली, हातात पुरणपोळीचे, आंबिलीचे डबे. रुख्माबाईनंच विचारलं, "प्रेमदास?"

"बसनं गेला."

नत्थूजींनी आभाळाकडे पाहिलं, मग नदीकडे, मग डोंग्याच्या पुढच्या भागात पडलेल्या काठीकडे. जयवंता श्वास धरून उभी. एक शब्द बोललं तर मोडेल असं तिला वाटत होतं.

"बसा बाप्पा," नत्थूजी म्हणाले. आणि बसले. मग किसनराव. मग रुख्माबाई, पुन्हा तिच्या पायाशी.

ती खेप ज्यांनी अलीकडच्या काठावरून पाहिली ते अजून सांगतात. धार तिला विचारून वाहत होती म्हणतात. डोंगा न डगमगता आला आणि दगडाला असा टेकला की रुख्माबाईच्या डब्यातली आंबीलही हिंदकळली नाही. काठावर अण्णाजी उभे होते. सकाळच्या गोंधळाची बातमी रोहण्याला पोचली होती. डोंगा शाबूत आहे का पाहायला ते आले होते.

जयवंता पाण्यात उतरली. तोंडावर हसू होतं; असं हसू तिच्या तोंडावर लग्नानंतर कोणी पाहिलं नव्हतं.

"अण्णाजी, तीन घरची तीन मानसं. प्रेमदास नाई. तुंब्याच्या जागी सकाळी जिता मानूस उचलला. आता काठी द्या."

अण्णाजी व्यवहाराचा माणूस. "मले काय वावडं हाय बाई? डोंगा बुडला नाई पाह्यजे, बस. हे तिघं म्हनू दे, 'आमी जयवंताच्या डोंग्यात बसलो.' आत्ताच्या आत्ता हातात देतो." आणि तिघांकडे वळले. "बोला."

रुख्माबाईनं डबा ह्या हातातून त्या हातात घेतला.

"आमी त प्रेमदासच्या डोंग्यात बसलो," किसनराव म्हणाले.

"प्रेमदास कुठी होता?" जयवंता ओरडली. "सांगा ना, कुठी होता?"

"तो नसन. पन काठी डोंग्यात होती."

"रुख्माबाई?"

"होती माय काठी. मी पाह्यली. नाईतर मी बसली असती का?"

तिनं नत्थूजींकडे पाहिलं. म्हाताऱ्यानं पागोटं काढलं, झटकलं, पुन्हा घातलं.

"काठी डोंग्यात होती," ते खाली पाहत म्हणाले.

अण्णाजींनी हात झटकले. "मंग माह्या हाती काय राह्यलं?" आणि ते गेले.

पुढे एकदा नत्थूजी तिला पांदणीत एकटी गाठून म्हणाले होते, "पोरी, माह्या मनात होतं. पन मी म्हनलो असतो त घरची पोरंच म्हनाले लागली असती, बुढा बाईच्या भरोशावर पान्यात गेला." जयवंता म्हणाली, "गेलते ना?" आणि डोक्यावरचा भारा सावरत पुढे निघून गेली.

त्या दिवसानं एक गोष्ट मात्र कायमची केली. डोंग्यात प्रेमदासाची गरज नाही, काठी पुरते, हे सगळ्यांना समजलं. सगळ्यात आधी प्रेमदासाला. बसनं घरी आल्यावर तो पुन्हा नदीत उतरलाच नाही. घाटाच्या वर चिंचेखाली बाज टाकून बसू लागला. काठी सकाळी जयवंता खांद्यावर घेऊन जायची, डोंग्याच्या तोंडाशी सुतळीनं बांधायची. लोक काठीला रामराम घालत, बसत, पलीकडे जात आणि परतल्यावर चिंचेखाली जाऊन पैसे प्रेमदासाला देत. दुसऱ्या वर्षी अण्णाजींनी दुसरा डोंगाही त्यालाच मोकळा दिला. पुरात ज्याच्या डोंग्यानं माणूस वाचवला तो प्रेमदास, असं त्याचं नाव झालं होतं. वाचलेला माणूस तोच होता हे हळूहळू गोष्टीतून गळून पडलं. त्या दुसऱ्या डोंग्याच्या फटीही जयवंतालाच बुजवाव्या लागल्या.

देवकाबाई गेली. प्रेमदासाचं लग्न झालं, घरात भावजय आली. जयवंताची पेटी ओसरीवर आली. केस पिकले, उजवा खांदा वल्ह्यानं डाव्यापेक्षा जाडा झाला. काठी ती पुन्हा मागायला गेली नाही.

सत्त्याऐंशीच्या पावसाळ्यात रोहण्याला नवा ग्रामसेवक आला. छत्री, चामडी पिशवी, पायात बूट. पहिल्यांदाच घाटावर आला आणि पुराचं पाणी पाहून थबकला. डोंग्यात एक बाई वाकून पाणी उपसत होती.

"बाई, नावाडी कुठे आहे?"

जयवंतानं मान वर न करता डोंग्याच्या तोंडाकडे बोट केलं.

"ही तर काठी आहे."

"हो. बसा तिच्या भरोशावर. सारं गाव बसते."

त्याला समजलं नाही. तो हसला आणि छत्री मिटून बाजूला उभा राहिला. डोंग्यात अजून टाचभर पाणी होतं. जयवंतानं डबा खाली घातला, तळ खरवडला, भरून वर काढला आणि नदीत ओतला.